टाकलेल्या बुचांचें वैभव : आफ्रिकन धातुशिल्पकार एल अनात्सुई

शिल्पकार म्हटला कीं छिन्नी, हातोडा आणि संगमरवराचा शुभ्र दगड डोळ्यांपुढें उभा राहतो. धातूचा शिल्पकार म्हटला कीं भट्टी, मूस आणि ओतीव मूर्ति आठवते. परंतु ज्या कलावंताची ओळख आज वाचकांस करून द्यावयाची आहे, त्यांच्या कर्मशाळेंत ह्या बुचांच्या कामासाठीं भट्टीही लागत नाहीं आणि मूसही लागत नाहीं. दारूच्या बाटल्यांचीं फेंकून दिलेलीं बुचें आणि तीं एकमेकांस जोडण्यासाठीं तांब्याची बारीक तार, एवढेंच त्यांचें साहित्य. ह्या साहित्यांतून त्यांनीं जीं शिल्पें उभीं केलीं, तीं लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस येथील मोठमोठ्या संग्रहालयांनीं मानानें आपल्या संग्रहांत घेतलीं आहेत. दुरून पाहणारास तीं भरजरी वस्त्रें वाटतात. जवळ जावें तों प्रत्येक चकाकता ठिपका म्हणजे एक चेपलेलें बूच आहे असें दिसून येतें, आणि पाहणारा थक्क होतो. ह्या शिल्पकाराचें नांव एल अनात्सुई. त्यांचें चरित्र अद्भुत प्रसंगांनीं भरलेलें नाहीं. आयुष्याचा मोठा भाग शाळा-कॉलेजांत शिकविण्यांत घालविलेल्या एका शिक्षकाचें तें चरित्र आहे, आणि म्हणूनच विद्यालयाच्या वार्षिकांत तें सांगण्याजोगें आहे.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जो प्रदेश पूर्वीं इंग्रजांच्या ताब्यांत होता आणि ज्यास 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सुवर्णकिनारा, असें म्हणत, त्याच्या पूर्व भागांत समुद्रालगत केटा नांवाचें एक विस्तीर्ण खारें सरोवर आहे. ह्या सरोवराच्या कांठीं अन्याको नांवाचें गांव आहे. तेथें ४ फेब्रुवारी १९४४ रोजीं अनात्सुई यांचा जन्म झाला. ह्या भागांत एवे लोकांची वस्ती असून मासेमारी आणि विणकाम हे त्यांचे जुने धंदे. अनात्सुई यांचे वडील हे दोन्ही धंदे करीत. वडिलांना एकंदर ३२ अपत्यें होतीं; त्यांत अनात्सुई हें शेंडेफळ. आई लहानपणींच निवर्तली, तेव्हां एका वडीलधाऱ्या आप्तानें मुलास आपल्या घरीं नेलें. हे आप्त प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यामुळें मुलाचें बालपण मिशनच्या घरांत गेलें. भाऊ मागावर बसून विणावयास शिकले. ह्या धाकट्याच्या हातीं मात्र धोटा आला नाहीं, खडू आणि पाटी आली. अक्षरांचा अर्थ नीट कळण्यापूर्वींच त्यांच्या आकारांचा त्याला नाद लागला, आणि फळ्यावर अक्षरें रेखाटणें हीच त्याची पहिली चित्रकला ठरली.

वडिलांच्या मागाविषयीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील साऱ्या कथेचा धागा त्याच मागावर गुंतलेला आहे. घानांतील प्रसिद्ध वस्त्रास 'केंटे' असें म्हणतात. तें रुंद मागावर विणीत नाहींत. माग अगदीं अरुंद असतो आणि त्यावर सुमारें चार इंच रुंदीची, परंतु लांबच लांब, पट्टी निघते. ताण्याचे दोरे विणकराच्या पुढें दूरपर्यंत जमिनीवर ताणून एका वजनाला बांधलेले असतात. विणकाम जसजसें पुढें जातें तसतसें तें वजन विणकराकडे सरकत येतें. अशा अनेक पट्ट्या कडेस कड लावून शिवल्या म्हणजे मोठें वस्त्र तयार होतें. खांद्यावरून पांघरलेलें हें वस्त्र राजे-सरदारांना शोभा देतें. अठराव्या शतकांत तर अशांती राज्यांतील विणकर युरोपांतून आलेलें रेशमी कापड विकत घेऊन तें उसवीत, त्याचे दोरे सोडवून घेत, आणि त्या दोऱ्यांनीं आपलें केंटे विणीत. परक्याची वस्तु उसवून तिच्यांतून आपली वस्तु उभी करण्याची ही रीत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

त्याच सरोवराच्या समुद्राकडील बाजूस केटा गांवीं एक पडका किल्ला आहे. १७८४ सालीं डेन्मार्कच्या लोकांनीं तो बांधला. त्याच्या कोठड्यांत गुलाम म्हणून धरलेलीं माणसें डांबून ठेवीत आणि तेथून त्यांना जहाजांत भरून अमेरिकेकडे नेत. त्या व्यापारांत माणसाच्या मोबदल्यांत जो माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविला जाई, त्यांत कापड, बंदुका, दारूगोळा आणि पिण्याची दारू हे मुख्य जिन्नस होते. अमेरिकेंतील बेटांवर गुलामांच्या श्रमानें उंसाचे मळे पिकत, उंसाच्या मळीची दारू गाळली जाई, आणि तीच दारू देऊन आणखी गुलाम विकत घेतले जात. दारूची बाटली पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासांत अशी ह्या दुष्ट फेऱ्यांत सांपडलेली आहे.

अनात्सुई तेरा वर्षांचे असतां, ६ मार्च १९५७ रोजीं, गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला व त्यास घाना हें नांव मिळालें. देश स्वतंत्र झाला, तरी कलाशिक्षणाचें वळण तत्काळ बदललें नाहीं. कुमासी येथील विद्यापीठाच्या कलाविभागांत अनात्सुई शिल्पकला शिकूं लागले, तेव्हां अभ्यासक्रम युरोपीय धर्तीचा होता. युरोपांतील शैली आणि युरोपांतील आदर्श यांचेंच तेथें शिक्षण मिळे. ज्या भूमीवर विद्यापीठ उभें होतें, तिच्या कलेला वर्गांत फारसें स्थान नव्हतें. १९६८ सालीं त्यांनीं पदवी मिळविली आणि पुढील वर्षीं कलाशिक्षकाची पदविकाही घेतली. परंतु मनांत एक उणीव सलत राहिली. आपण शिल्पकार झालों खरे, पण आपल्याच लोकांची कला आपणांस ठाऊक नाहीं, ही ती उणीव. तेव्हां वर्गांत जें मिळालें नाहीं तें शोधण्यासाठीं ते कुमासींतील राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्रांत जाऊं लागले. तेथें विणकर, लांकूड कोरणारे, कापडावर ठसे उमटविणारे असे नाना प्रकारचे कारागीर काम करीत. पदवी घेतलेला हा तरुण त्यांच्यापाशीं पुन्हां विद्यार्थी झाला.

तेथेंच त्यांना 'अडिंक्रा' नांवाच्या चिन्हांची गोडी लागली. हीं चिन्हें कापडावर ठशांनीं उमटवितात, आणि प्रत्येक चिन्ह एखादा विचार किंवा म्हण सुचवितें. त्यांपैकीं एकाचें नांव 'सांकोफा'. त्यांत मान मागें वळविलेला पक्षी दाखवितात, आणि त्याचा अर्थ असा कीं, मागें राहिलेलें घेऊन येण्यासाठीं परत फिरावें, त्यांत कमीपणा नाहीं. वसाहतीच्या शिक्षणांतून बाहेर पडलेल्या त्या पिढीला हें चिन्ह आपल्याच मनाचा बोल वाटलें असल्यास नवल नाहीं.

१९६९ पासून अनात्सुई समुद्रकांठच्या विनेबा गांवीं एका अध्यापक विद्यालयांत शिकवूं लागले. तेथील बाजारांत माल मांडण्यासाठीं लांकडी गोल तबकें वापरीत. त्यांनीं तीं तबकें घेतलीं आणि तापलेल्या लोखंडानें त्यांवर अडिंक्रा चिन्हांचे डाग दिले. हीच त्यांचीं पहिलीं स्वतंत्र म्हणण्याजोगीं शिल्पें. संगमरवर परदेशांतून आणावा लागतो, तबक मात्र कोपऱ्यावरच्या बाजारांत मिळतें, इतकाच विचार ह्यामागें नव्हता. जी वस्तु अनेक माणसांच्या हातांतून गेली आहे, तिच्यांत त्या हातांचें कांहीं तरी उरतें, असें त्यांना वाटे. कलावंतानें आपल्या सभोंवार जें सांपडतें त्यांतूनच कला घडवावी, हा नियम त्यांनीं तेव्हां जो धरला तो पुढें कधीं सोडला नाहीं. आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही त्यांनीं तोच शिकविला.

१९७५ सालीं ते शेजारच्या नायजेरिया देशांत न्सुक्का येथील विद्यापीठांत अध्यापक म्हणून गेले. हें विद्यापीठ १९६० सालीं सुरू झालें. परंतु १९६७ ते १९७० ह्या काळांत त्या देशांत जें भयंकर यादवी युद्ध झालें, त्याचा मोठा तडाखा ह्याच भागास बसला. युद्ध संपून पांच वर्षें झालीं होतीं, तरी घाव ताजे होते. अशा ठिकाणीं अनात्सुई यांनीं माती हातांत घेतली आणि फुटक्या मडक्यांचीं शिल्पें केलीं. खापरांचे तुकडे जोडलेले आहेत, भेगा स्पष्ट दिसत आहेत, कोठें भगदाड तसेंच ठेविलेलें आहे, असे ते घट. आफ्रिकेंत मडकें फुटलें म्हणजे तें संपत नाहीं. त्याचें खापर कोठें पाणी ठेवावयास, कोठें विस्तव न्यावयास, कोठें देवापुढें ठेवावयास उपयोगी पडतें. मोडलेल्या वस्तूचें आयुष्य नव्या रूपानें सुरू होतें, हा विचार मांडतांना त्यांच्यापुढें मोडलेला समाजही होता.

पुढें ते लांकडाकडे वळले. १९८० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत कलावंतांच्या एका वसतिस्थानीं ते कांहीं काळ राहिले, आणि तेथें यांत्रिक करवत त्यांच्या हातीं आली. छिन्नी हळू चालते आणि लांकडाच्या रेषांचा मान राखते. यांत्रिक करवत मात्र धडधडत, फाडीत जाते. १८८४-८५ सालीं बर्लिन येथें जमलेल्या युरोपीय राष्ट्रांनीं ज्या वृत्तीनें आफ्रिकेची वांटणी केली, तिची आठवण ह्या करवतीच्या चरांत त्यांना दिसली. लांकडाच्या अरुंद फळ्या शेजारीं शेजारीं ठेवून, त्यांवर चर पाडून व जाळून त्यांनीं भिंतीवरचीं शिल्पें केलीं. चाणाक्ष वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, कडेस कड लागलेल्या ह्या फळ्या म्हणजे केंटेच्या पट्ट्याच होत. जो माग बालपणीं हातीं आला नव्हता, तो अशा रीतीनें लांकडांतून परत आला. ह्या फळ्यांचा क्रम मांडणारानें वाटेल तर बदलावा, अशीही मोकळीक त्यांनीं ठेविली होती.

आतां धातूकडे वळूं. ज्या प्रदेशांत न्सुक्का आहे, त्याला धातुकलेचा वारसा फार जुना आहे. त्याच्या दक्षिणेस इग्बो-उक्वू नांवाचें गांव आहे. १९३८ सालीं तेथील एक गृहस्थ आपल्या अंगणांत पाण्याचें टांकें खणीत असतां त्यांना कांशाचीं ओतीव भांडीं सांपडलीं. १९५९-६० सालीं थर्स्टन शॉ ह्या पंडितानें तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, आणि तें काम सुमारें हजार वर्षांपूर्वींचें असल्याचें निष्पन्न झालें. तेथील शंखाच्या आकाराच्या कांस्यपात्रांवर इतकी नाजूक नक्षी आहे कीं, जणूं सूत गुंडाळून ती काढली असावी. पश्चिमेकडील बेनिन राज्यांत मेणाचा सांचा वितळवून पितळेच्या मूर्ति व पत्रे ओतण्याची कला शतकानुशतकें चालली. १८९७ सालीं इंग्रजी सैन्यानें तेथील राजवाडा लुटून अशा हजारों वस्तु युरोपांत नेल्या. आफ्रिकेला धातूची कला परक्यांनीं शिकविली हा समज किती खोटा आहे, हें ह्यावरून कळून येईल. मात्र अनात्सुई यांनीं ती ओतीव परंपरा तशीच पुढें चालविली नाहीं. त्यांच्या काळाचा, त्यांच्या गांवाचा धातु कोणता, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला. त्याचें उत्तर घराघरांतील अडगळींत होतें. पश्चिम आफ्रिकेंत कसावा नांवाचा कंद किसून त्याचें पीठ करितात. आपल्याकडे साबुदाणा होतो तो ह्याच कंदापासून. गंजून निकामी झालेल्या पत्र्याच्या किसण्या गोळा करून त्यांनीं एक मोठी भिंत उभी केली. दुधाच्या डब्यांचीं झांकणें तांब्याच्या तारेनें जोडून त्यांच्या राशी केल्या. वर्तमानपत्र छापण्याचे ॲल्युमिनियमचे वापरलेले पत्रे, ज्यांवर मृत माणसांच्या निधनवार्ता तशाच राहिल्या होत्या, ते जोडून एक प्रचंड चुरगळलेली पिशवी बनविली.

आणि १९९८ सालीं ती प्रसिद्ध घटना घडली. न्सुक्काच्या आसपास फिरत असतां झुडुपांत टाकून दिलेलें एक पोतें त्यांना दिसलें. उघडून पाहतात तों आंत दारूच्या बाटल्यांचीं सैल झालेलीं बुचें! त्यांनीं तें पोतें कर्मशाळेंत आणलें आणि एका बाजूस ठेवून दिलें. कित्येक महिने तें तसेंच पडून राहिलें. मधूनमधून त्याकडे पाहावें, विचार करावा, आणि दुसऱ्या कामास लागावें. त्या वेळीं ते चौपन्न वर्षांचे होते. शिकवीत असतां तीस वर्षें होत आलीं होतीं. आफ्रिकेच्या बाहेर त्यांना ओळखणारे लोक थोडेच होते. अखेरीस एके दिवशीं त्यांनीं दोन बुचें चेपून सपाट केलीं, भोंकें पाडून तारेनें जोडलीं, मग तिसरें जोडलें, मग चौथें. पाहतां पाहतां हातांत एक लवचिक, झुळझुळणारा पदर तयार झाला. धातूचें वस्त्र झालें! वडिलांचा माग मुलाच्या हातीं आला तो असा.

हें काम चालतें कसें, तें समजून घेण्यासारखें आहे. फिरकीच्या बुचाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो आणि हातानें वळतो. त्याचे तीन भाग होतात: माथ्यावरील वाटोळी चकती, तिच्या बाजूची कड, आणि बाटलीच्या गळ्याभोंवतालची पट्टी. चकती चपटी करितां येते. पट्टी उलगडून लांब करितां येते, घडी घालतां येते, पीळ देऊन दोरीसारखी वळतां येते, किंवा तिचीं वाटोळीं कडीं करितां येतात. कड्यांची जाळी केली तर मागची भिंत दिसते आणि जाड लोकरीच्या विणीचा भास होतो. चपट्या पट्ट्या एकास एक लावल्या तर घट्ट विणीचें कापड वाटतें. प्रत्येक तुकड्यास टोचून भोंकें पाडावयाचीं आणि तांब्याच्या तारेनें शेजाऱ्याशीं बांधावयाचा. रंग कोठेंही लावीत नाहींत. तांबडा, पिवळा, सोनेरी, रुपेरी, काळा, जो रंग दारूच्या कारखान्यानें बुचास दिला असेल तोच शिल्पांत येतो. एका मोठ्या शिल्पास हजारों बुचें लागतात, आणि काम महिनोगणती चालतें.

इतकें काम एका माणसाच्या हातून होणें शक्य नाहीं. अनात्सुई यांच्या कर्मशाळेंत गांवांतील कित्येक तरुण बसून हे तुकडे जोडतात. एकेका प्रकारच्या विणीचे चौकोनी पट तयार झाले म्हणजे ते जमिनीवर पसरतात. मग अनात्सुई ते इकडचे तिकडे हलवितात, उभे असलेले आडवे करितात, छायाचित्र घेऊन पाहतात, पुन्हां बदलतात. पट्ट्या विणणारे अनेक आणि त्या जोडून वस्त्र योजणारा एक, ही केंटेचीच रीत. बांधणारांचा प्रत्येकाचा हात निराळा. कोणाची गांठ घट्ट, कोणाची सैल. हा फरक मोडून सर्व काम एकसारखें करावें असें त्यांना वाटत नाहीं, कारण त्या फरकानेंच पटाला जीव येतो असें त्यांचें मत आहे. आपल्याकडे आजी, मामी आणि शेजारीण मिळून गोधडी शिवतात, आणि टांका पाहून कोणता कोपरा कोणाचा हें ओळखूं येतें, तशांतलाच हा प्रकार.

परंतु केवळ दिपवून टाकणें हा त्यांचा हेतु असता, तर रंगीत पत्रा बाजारांतून आणून भागलें असतें. त्यांनीं बुचेंच कां घेतलीं? ह्या प्रश्नांत त्यांच्या कलेचें मर्म आहे. आरंभीं ज्या व्यापाराचा उल्लेख केला, त्यानें आफ्रिका, युरोप आणि अमेरिका हीं तीन खंडें एका दुष्ट दोऱ्यानें बांधलीं होतीं, आणि त्या दोऱ्यांत दारू ओंवलेली होती. आज न्सुक्काच्या दुकानांत जी बाटली उघडली जाते, तिच्या मागें तो सारा इतिहास उभा आहे. बुचांवरील छापील नांवेंसुद्धां गतकाल सांगतात: पश्चिम आफ्रिकेंतील लढाया थांबविण्यासाठीं धाडलेल्या सैन्याचें नांव एका दारूस दिलेलें असतें, तर दोन देशांत ज्यावरून तंटा झाला त्या द्वीपकल्पाचें नांव दुसरीस. शिल्पकार ह्या कशाचीही मोठमोठ्यानें निर्भर्त्सना करीत नाहीं. जीं बुचें अनेक ओठांजवळून आणि हातांतून गेलीं, तीं तो शांतपणें एकत्र बांधतो. ज्या वस्तूनें माणसांस एकमेकांपासून तोडलें, तिचेंच वस्त्र होऊन तें माणसांपुढें पसरलें जातें. टाकाऊ वस्तूंचा पुन्हां उपयोग करणारा, असें कोणी म्हटलें तर तें वर्णन अनात्सुई यांना पुरेसें वाटत नाहीं. बूच पुन्हां बूच होत नाहीं, त्याचें रूपांतर होतें, असें त्यांचें म्हणणें असतें.

दुसरी एक गोष्ट त्यांना इतर शिल्पकारांपासून निराळी ठरविते. पाषाणाची मूर्ति एकदां घडली म्हणजे कायमची. अनात्सुई यांचें शिल्प मात्र घडी घालून पेटींत भरून पाठवितां येतें, आणि तें भिंतीवर कसें टांगावें ह्याविषयीं ते निश्चित सूचना देत नाहींत. ज्याच्या हातीं तें जाईल, त्यानें त्यास हव्या तशा चुण्या पाडाव्या. त्यामुळें एकच शिल्प एका शहरांत डोंगरासारखें दिसतें, तर दुसऱ्या शहरांत लाटांसारखें. इतिहास आणि मनुष्याचें जीवन हीं स्थिर नसतात, मग शिल्पच कां स्थिर असावें, असा त्यांचा विचार आहे. ह्याला शिल्प म्हणावें कीं कापड, असा वाद पुष्कळांनीं घातला. अनात्सुई स्वतःस शिल्पकारच म्हणवितात.

प्रसिद्धि उशिरा आली, परंतु आली ती लाटेसारखी. २००२ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें 'पुरुषाचें वस्त्र' आणि 'स्त्रीचें वस्त्र' हीं दोन बुचांचीं शिल्पें आपल्या संग्रहांत घेतलीं. २००३ सालीं वेल्समधील लँडडनो ह्या गांवीं 'गावू' नांवाचें त्यांचें प्रदर्शन उघडलें आणि पुढें तें अनेक ठिकाणीं फिरलें. एवे भाषेंत 'गा' म्हणजे धातु आणि 'वू' म्हणजे एक प्रकारचा अंगरखा. इटलींतील व्हेनिस येथें दर दोन वर्षांनीं जें जागतिक कलाप्रदर्शन भरतें, त्या काळांत २००७ सालीं तेथील एका जुन्या प्रासादाचा दर्शनी भाग त्यांच्या धातुपटानें झांकून टाकला होता. २०१३ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमीची इमारतही त्यांनीं अशीच मढविली. २०१५ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनानें आजन्म केलेल्या कलासेवेबद्दल त्यांना 'सुवर्णसिंह' अर्पण केला, आणि २०१७ सालीं जपानचा मोठा कलापुरस्कार त्यांना मिळाला.

मार्च २०१९ मध्यें जर्मनींतील म्यूनिक शहरीं त्यांच्या सगळ्या कालखंडांतील कामांचें भव्य प्रदर्शन उघडलें. ज्या इमारतींत तें भरलें, ती नाझी राजवटीनें आपल्या कलेचा डंका पिटण्यासाठीं बांधून १९३७ सालीं उघडली होती. काळ्या वर्णाच्या माणसास तुच्छ लेखणाऱ्यांच्या त्या दालनांत आफ्रिकन शिल्पकाराचे पट झळकले. हें प्रदर्शन योजणाऱ्या दोघांपैकीं ओक्वुई एन्वेझोर हे नायजेरियन विद्वान् त्या वेळीं अत्यवस्थ होते. प्रदर्शन उघडल्यावर आठवडाभरांतच, १५ मार्च २०१९ रोजीं, त्यांचें निधन झालें. पुढें ऑक्टोबर २०२३ पासून एप्रिल २०२४ पर्यंत लंडनच्या टेट मॉडर्न कलागृहाच्या विशाल दालनांत अनात्सुई यांचें 'तांबड्या चंद्रामागें' हें शिल्प टांगलेलें होतें. त्याचा एक भाग वाऱ्यानें फुगलेल्या जहाजाच्या शिडासारखा होता. टेट हें नांव साखरेच्या व्यापारांत धन मिळविलेल्या गृहस्थाचें. साखर, दारू, जहाज आणि गुलाम ह्यांची जुनी सांगड त्या शिडांत पाहणारास आपोआप आठवावी, अशी ती योजना होती.

एवढी कीर्ति मिळूनही त्यांनीं कर्मभूमि लंडनला किंवा न्यूयॉर्कला हलविली नाहीं. सुमारें तीन तपें ते न्सुक्काच्या विद्यापीठांत शिकवीत राहिले, आणि निवृत्तीनंतर आपल्या मायदेशीं, घानांतील टेमा ह्या बंदराच्या गांवीं, त्यांनीं दुसरी कर्मशाळा उभारली. त्यांच्या हाताखालीं शिकलेले अनेक विद्यार्थी स्वतः नामांकित कलावंत झाले आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून काय घ्यावें, हें प्रत्येकानें स्वतःच ठरवावें. तथापि एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अनात्सुई यांना झुडुपांत पोतें सांपडलें, हें त्यांचें दैव, असें पुष्कळ लोक म्हणतील. परंतु त्या वाटेनें त्या दिवशीं आणखीही माणसें गेलीं असतील. त्यांनाही तें पोतें दिसलें असेल. तबकांत, फुटक्या घटांत, फळ्यांत आणि गंजक्या किसणींत ज्यानें तीस वर्षें दृष्टि घोळविली होती, त्यालाच त्या पोत्यांत वस्त्र दिसलें. आणि तरीही तें एका दिवसांत दिसलें नाहीं. पोतें कित्येक महिने कोपऱ्यांत पडून होतें, आणि त्यांनीं तें फेंकून दिलें नाहीं.

आणखी एक. शाळेनें त्यांना अक्षरें दिलीं, विद्यापीठानें शिल्पाचें तंत्र दिलें. त्याबद्दल ते कृतघ्न झाले नाहींत. परंतु शाळेनें जें दिलें नाहीं तें घेण्यासाठीं ते कारागिरांच्या पायाशीं जाऊन बसले. तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं माग असेल, चाक असेल, ऐरण असेल, किंवा गोधडी शिवणारी आजी असेल. पुस्तकांतील विद्या संपादन करीत असतां त्या हातांकडे पाठ फिरविण्याची घाई करूं नका. अनात्सुई यांना वडिलांच्या मागाकडे परत यावयास अर्धें शतक लागलें. तुमच्या घरचा माग अजून खटखटत असेल, तर आज सायंकाळीं घरीं गेल्यावर घटकाभर त्याच्याजवळ बसा.